काखेतला थर्मामीटर

फेब्रुवारीतली गोष्ट. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिनला सिनिअर रेसिडेंट होतो. रात्री दीडच्या सुमारास कॅज्युअल्टीतून जेआरचा, म्हणजे ज्युनिअर रेसिडेंटचा फोन आला, सर एक गॅस्ट्रो आहे, दोन लिटर सलाईन गेलं तरी बीपी ८० च्या वर सरकत नाही, येता का. नुकतीच पाठ टेकली होती, वैतागतच खाली उतरलो.

बाई बेचाळीस वर्षांची, दिसायला सहज पंचावन्नची. तीन दिवस उलट्या-जुलाब, आता गुंगीत. आल्या आल्या शुगर ४८ निघाली होती, ग्लुकोज दिल्यावर डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. सोडियम ११२, पोटॅशियम मात्र ४.२, एकदम व्यवस्थित. सोबत सासू आणि चौदा वर्षांचा पोरगा, नवरा ऊसतोडीला कोल्हापूरकडे. आधी हे दोघं जोडीनं जायचे पण हिच्या अंगात बळच राहिलं नाही म्हणून तो आता अर्धा कोयता म्हणून एकटाच जातो, असं सासूनं मी न विचारताच सांगितलं आणि सांगताना सुनेकडे असं बघितलं की जणू ही मुद्दामच झोपलीये.

जुलाबानं असं होऊ शकतं, नाही असं नाही. पण सलाईन ओतून बीपी हलत नाही, शुगर कमी, सोडियम तळाला, हे काही जुळत नव्हतं. तेवढ्यात सिस्टरनी टेंपरेचर घ्यायला थर्मामीटर काखेत लावला आणि म्हणाल्या, "सर, ह्यांना काखेत एक केस नाही." मला वाटलं काढले असतील, तर सिस्टर म्हणाल्या, "काढलेली कातडी अशी नसते सर, हात लावून बघा." खरंच, लहान पोरीच्या काखेसारखी गुळगुळीत. मग मी चेहरा नीट पाहिला. मेणासारखा पांढरट, सुजरा, ओठांच्या कडेला बारीक बारीक सुरकुत्या, भुवयांचा बाहेरचा अर्धा भाग गायब.

सासूला विचारलं, पाळी येते का हिला? "न्हाई, कवाच गेली." पिशवी काढलीय का? बीड पट्ट्यातल्या तोडणीवाल्या बाया, हा प्रश्न आम्ही सवयीनंच विचारतो आणि अनेकदा उत्तर "व्हय" असं येतं, म्हणून पुढे कुणी खोदत नाही. म्हातारी म्हणाली, "न्हाई, पिशवी हाय. ह्या पोराच्या टायमापासनं आलीच न्हाई." पोराकडे बोट. हा झाला कुठे? कारखान्यावर, कोपीत, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीत. अंगावरून लई गेलं, दोन गोधड्या भिजल्या, ही दिवसभर शुद्धीत नव्हती, ट्रॅक्टरमधून दवाखान्यात नेलं दुसऱ्या दिवशी. आणि दूध? म्हातारीनं तोंड वाकडं केलं. "पान्हाच फुटला न्हाई. शेळीच्या दुधावर वाढवलं मी ह्याला."

संपलं. डायग्नोसिस झालं. शीहान सिंड्रोम, हॅरॉल्ड शीहान नावाच्या इंग्रज पॅथॉलॉजिस्टनं १९३७ मध्ये मांडलेला. गरोदरपणात मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी फुगते पण तिचा रक्तपुरवठा त्या मानानं नाजूकच राहतो, बाळंतपणात धो धो रक्त गेलं की ती उपाशी पडते आणि मरते. मग दूध नाही, पाळी नाही, केस जातात, आणि थायरॉईड आणि अॅड्रिनल ह्या दोन्ही चांगल्या ग्रंथी वरून हुकूम येत नाही म्हणून बसून राहतात. अशी बाई वर्षानुवर्षं "आळशी" म्हणून जगते. काश्मीरमधल्या २००५ च्या एका पाहणीत मुलं झालेल्या बायकांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास निघालं होतं, म्हणजे दुर्मिळ वगैरे काही नाही.

अॅड्रिनलमधून येणाऱ्या कॉर्टिसॉल ह्या हार्मोनचं सँपल काढलं, रिपोर्टची वाट न बघता तेच स्टेरॉइड, हायड्रोकॉर्टिसोन, १०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं, आणि मग सासूच्या कॅरीबॅगमधले जुने कागद चाळायला घेतले.

तीन आठवड्यांपूर्वीचा ओपीडीचा केसपेपर. टी-फोर (थायरॉईडचं हार्मोन) कमी, टीएसएच (थायरॉईडला पिट्युटरीचा हुकूम) ३.९, म्हणजे नॉर्मल. खाली थायरॉईडची गोळी, थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, सकाळी उपाशीपोटी. खाली सही. माझी.

हे एमबीबीएसच्या पोराला पाठ असतं. थायरॉईड स्वतः बिघडलं तर वरचा मुकादम, म्हणजे पिट्युटरी, आरडाओरडा करतो, टीएसएच चढतो. इथे मजूर बसलेला आणि मुकादमही गप्प, म्हणजे गोम मुकादमातच. आणि अशा पेशंटला आधी स्टेरॉइड, मग थायरॉक्सिन, उलटं कधीच नाही, कारण थायरॉक्सिननं शरीराचा वेग वाढतो आणि जे काही थोडंफार कॉर्टिसॉल असतं ते भराभर खर्ची पडतं. वर जुलाब लागले की खेळ खल्लास. त्या दिवशी ओपीडीत दीडशे पेशंट होते हे खरं, पण एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो.

पहाटेपर्यंत बीपी १०४ झालं, बाई स्वतःहून पाणी मागायला लागली. जेआर जाम खूश. मी मात्र लघवीची युरोबॅग बघून घाबरलो, सहा तासांत दोनदा रिकामी केलेली. कॉर्टिसॉल मिळालं की अडवून ठेवलेलं पाणी शरीर एकदम सोडतं आणि सोडियम सुसाट वर जातं, फार वेगानं गेलं तर मेंदूतल्या नसांवरचं आवरण, मायलिन, खराब होऊन माणूस बरा होता होता लुळा पडू शकतो. चोवीस तासांत आठच्या वर वाढू द्यायचं नाही, आणि इथे आठ तासांतच ११२ चं ११९ झालेलं. सलाईन बंद, डेक्स्ट्रोज चालू, दर दोन तासांनी सोडियम. लॅबवाला शिव्या घालत होता. दुसऱ्या रात्री १२० वर थांबलं तेव्हा कुठे मी जेवलो.

रिपोर्ट सगळे अपेक्षेप्रमाणे आले. एवढ्या शॉकमध्ये कॉर्टिसॉल १.८, दुधाचं हार्मोन प्रोलॅक्टिन जवळजवळ नाहीच, पिट्युटरीतून अंडाशयाला हुकूम देणारं एफएसएच ३, वयानं खरीच पाळी गेलेली असती तर चांगलं वर असतं. एमआरआयमध्ये पिट्युटरीची जागा रिकामी. पाचव्या दिवशी थायरॉक्सिन पुन्हा सुरू केलं, २५ नं. डिस्चार्जला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लिहिलं कारण हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या तिच्या तालुक्यात मिळण्याची शक्यता शून्य. पोराला वहीत लिहायला लावलं: गोळी एक दिवससुद्धा बंद नाही, ताप आला तर दुप्पट, उलटी होऊन गोळी टिकली नाही तर तडक दवाखाना, इंजेक्शन. त्यानं "तडक" खाली दोन रेघा मारल्या.

सासूला बसवून सांगितलं की दूध यायचा हुकूम देणारी ग्रंथीच तेव्हा सुकली, हिच्या हातात काही नव्हतं. म्हातारी बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मंग तवाच का न्हाई कुनी सांगितलं?"

महिन्यानं ताई चालत ओपीडीत आल्या. गर्दी तशीच. मी म्हणालो, ताई, मागच्या वेळची ती थायरॉईडची गोळी मीच दिली होती, चुकलंच माझं. त्यांनी नीट निरखून पाहिलं माझ्याकडे.

"तुमी व्हय? मला वाटलं दुसरंच कुणी हुतं. त्या दिशी तुमी वर बघितलंच न्हाई की."