आईची बॅग आणि ओट्यावरचं इंग्लिश

ताईची डिलिव्हरी डब्लिनला, आणि आई एकटीच निघालेली, मुंबईहून दुबई आणि दुबईहून पुढे. आईला इंग्लिश वाचता येतं छान, पण समोरचा भराभर बोलायला लागला की ती गप्पच होते, म्हणून जायच्या आधी आठ दिवस रोज जेवणं आटपली की आम्ही स्वयंपाकघरातच चेक-इन काउंटर मांडायचो. ओट्याच्या पलीकडे मी, अलीकडे आई, पायाशी खरी बॅग.

"मे आय सी युवर पासपोर्ट प्लीज" सोपं गेलं. "विंडो ऑर आइल?" ला मात्र ती अडायची, कारण लिहिताना त्यात एस असतो आणि बोलताना नसतो, आणि कानाला ते ऑइलच वाटायचं. शेवटी ठरलं की प्रश्नाची वाट बघायचीच नाही, पासपोर्ट देतानाच "आइल सीट प्लीज" म्हणून टाकायचं, गुडघे दुखतात तिचे, उठायला बरं.

खरी गाडी अडली ती "डिड यू पॅक युवर बॅग्ज युवरसेल्फ?" ला. मी म्हटलं, येस म्हण. तर म्हणाली, "अगं पण बॅग तर तू भरलीस, मग मी येस कसं म्हणू?" आणि पुढचा प्रश्न, कुणी काही न्यायला दिलंय का, त्याला नो म्हणावं तर शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलासाठी दिलेलं बंद पुडकं आत होतंच! मी तिच्याकडून उत्तरं पाठ करून घेत होते आणि ती प्रश्न समजून घेत होती, हे मला तेव्हा लख्ख कळलं. हा प्रश्न असतोच त्यासाठी, आत काय आहे ते आपल्याला माहीत नसलं तरी आपल्या नावाने जातं ना ते.

मग रविवारी सगळी बॅग पलंगावर उपडी केली आणि आईने स्वतः भरली. काकूंना बोलावून पुडकं उघडलं, मेतकूट आणि भाजणी होती. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बाहेर काढल्या, त्यात तेल असतं, आपोआप तापून पेटू शकतात म्हणून विमानात चालत नाहीत. तूपही घरी राहिलं, युरोपात बाहेरून दूधदुभत्याचं काही नेऊ देत नाहीत. पॉवर बँक पर्समध्ये, लोणचं मोठ्या बॅगेत. बॅगेचं वजन २३ किलोच्या आत.

त्या रात्रीपासून तिची उत्तरं बदललीच, आवाजच वेगळा. आणखी दोन वाक्यं घोटली, "प्लीज स्पीक स्लोली" आणि "वन मिनिट, आय विल टेक समथिंग आउट", बॅग जड भरली तर. आणि बॅगेला टॅग लावला की त्यावर डीयूबी लिहिलंय ते बघायचं, म्हणजे बॅग थेट डब्लिनला, दुबईत घ्यायची नाही. ते दुबईचं डीएक्सबी असलं तर तिथल्या तिथे विचारायचं, लाजायचं नाही.

मुंबईत दारावरच तिकीट-पासपोर्ट बघून आत सोडतात, आम्ही बाहेर काचेपाशी उभे. तासाभराने फोन आला, काउंटरवरची मुलगी मराठीच निघाली होती म्हणे, तरी आई तिच्याशी इंग्लिशच बोलली.

अडीच महिन्यांनी परत येताना डब्लिनच्या काउंटरवर बॅग २४ किलो भरली. ताई बाळाला घेऊन लांब उभी होती, धावत जाणार तेवढ्यात आईने तिला हातानेच थांबवलं, "वन मिनिट" म्हणाली, बॅग उघडली, जाड स्वेटर काढून अंगात घातला, शाल खांद्यावर टाकली आणि बॅग परत काट्यावर ठेवली.