गोंडोला नको, चढूनच जाऊ!

डिसेंबरच्या मध्यात गुलमर्गला स्कीइंगला निघालो म्हटलं की जाणकार नाक मुरडतात. "अजून बर्फ भरला नसेल, फेब्रुवारीत जा." त्यांचं चूक नाही. काश्मीरच्या कडाक्याच्या थंडीचे ४० दिवस, चिल्लई कलान, २१ डिसेंबरला सुरू होतात. बर्फ आणणारे पश्चिमी झंझावात रुसले तर त्यानंतरही भरवसा नसतो. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गला बर्फाऐवजी पिवळं गवत दिसत होतं. पण आमच्या साताऱ्याच्या टोळीत एक शिक्षिका आहे, तिला फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा. एक सीए आहे, त्याला मार्च संपेपर्यंत श्वास घ्यायला सवड नाही. आणि खरं सांगू? पहिल्या बर्फाची हाव वेगळीच असते.

तयारी अजिंक्यताऱ्यावर केली. सकाळी पाठीवर वजन घेऊन चढायचं, संध्याकाळी यवतेश्वरचा घाट. चार भिंतीपाशी फिरायला येणारे काका विचारायचे, "कसली स्पर्धा आहे का?" बर्फावर घसरायला चाललोय म्हटल्यावर ते आमच्याकडे ज्या नजरेनं बघायचे ती मला आवडायला लागली होती.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. तिथून गोंडोला, म्हणजे रोपवेचा पाळणा, दोन टप्प्यांत अफरवट डोंगराच्या अंगावर साडेतीन हजार मीटरच्या पार वर नेऊन सोडतो. बहुतेक जण तसंच करतात: बसून वर, घसरत खाली. आम्हाला मात्र बॅककंट्री करायचं होतं. पाळण्याशिवाय, आखलेल्या उताराबाहेर, आपल्या पायांनी. त्यासाठी स्कीच्या तळाला स्किन्स चिकटवतात. या पट्ट्यांची लव एकाच दिशेला असते, त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. बुटाची टाच मोकळी, चवडा अडकवलेला. पाय उचलायचा नाही, सरकवायचा. हे कळायला सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला वेळ लागतो, कारण आपल्याला घसाऱ्यावर पाऊल उचलून घट्ट रोवायची सवय. पण एकदा लय सापडली की दम आपल्याच बाजूचा असतो. स्कीइंग शिकलेले दिल्लीकर चढावर धापा टाकत होते. आम्हाला उतरताना काय होणार याचीच काळजी होती.

आमच्यातला एक जण अपशिंगे मिलिटरीचा. त्याचे वडील फौजेत असताना इथल्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये कोर्स करून गेलेले. १९४८ मध्ये स्की शिकवण्यासाठी सुरू झालेली ही लष्करी शाळा. निघताना त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "वाटाड्या थांब म्हणाला की थांबायचं. कारण विचारायचं नाही."

वाटाडे टंगमर्गचे, पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. निघण्याआधी त्यांनी प्रत्येकाचा बीकन तपासला. ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडणारं हे यंत्र छातीशी बांधायचं, पिशवीत प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून शोधायची लांब सळी, आणि फावडं. कोणी हिमकड्याखाली गाडला गेला तर मदत पोहोचेपर्यंत फार उशीर होतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत जे काही करायचं ते सोबत्यांनीच. त्यामुळे आदल्या दुपारी त्यांनी एक बीकन बर्फात पुरून आम्हाला शोधायला लावला होता. सीएनं सगळ्यात आधी शोधला, त्याचा तोरा पुढे टिकला.

सिल्व्हर फरच्या रानातून गोंडोलाचा पहिला टप्पा संपतो त्या कोंगडोरीच्या दिशेनं वर निघालो. सुमारे ४०० मीटरची चढण, म्हणजे अजिंक्यताऱ्याहून थोडी जास्तच. रानात बर्फ गुडघ्याएवढा, मधूनच दगडाचं टोक नाही तर बुंधा डोकावणारा. मोकळ्या उताराच्या कडेला पोहोचलो आणि पायाखाली 'धप्प' झालं. आवाज मोठा नव्हता, पण तो पोटात जाणवला. वाटाड्यांनी हात वर केला. आम्ही थांबलो, कारण विचारलं नाही.

त्यांनीच मग खड्डा खणून दाखवलं. वरचा थर घट्ट, नवा. जमिनीलगत मात्र रवाळ, सुटे दाणे, मुठीत घेतले तरी गोळा होईना. नोव्हेंबरचा पातळ बर्फ असाच होतो: खाली जमीन उबदार, वर हवा गोठलेली, त्या फरकानं जुन्या बर्फाचे कण बदलत जातात आणि एकमेकांना धरत नाहीत. त्यावर ताजा थर पडला की ज्वारीच्या राशीवर पाट ठेवून उभं राहिल्यासारखी गत. ३० सेंटीमीटर रुंद खांब कापून त्यांनी वर फावडं ठेवलं आणि हातानं थापट्या मारल्या, आधी मनगटातून, मग कोपरातून. कोपराच्या तिसऱ्या-चौथ्या थापटीला वरचा थर सरळ पुढे सरकला. मोकळा उतार समोर होता, एकही रेघ न पडलेला, आणि बहुतेक हिमकडे सुटतात त्या ३० ते ४५ अंशांतला. आमच्या टोळीतल्या वकीलसाहेबांनी एकदा त्याच्याकडे लोभानं पाहिलं. कोणी काही बोललं नाही.

मग रानातलाच मंद उतार. स्किन्स सोलल्या, घडी करून जॅकेटात कोंबल्या, टाचा अडकवल्या. खाली येताना गुडघे वाकवून ठेवायचे, झाडांकडे न बघता मधल्या फटींकडे बघायचं, कारण नजर जाते तिकडेच स्की जाते. शिक्षिका सुरेख उतरली. वकीलसाहेब दोनदा बर्फात कमरेपर्यंत रुतले आणि दोन्ही वेळा हसत बाहेर आले. माझ्या भाड्याच्या स्कीचा तळ दगडावर खरवडला. या दिवसांत जुन्याच स्की घ्या, दुकानदारही तेच सांगतो. मधल्या विसाव्याला कंदी पेढे काढले तर थंडीनं दगड झालेले. वाटाड्यांनी एक गालात धरला आणि नून चहाच्या थर्मासचं झाकण आमच्यापुढे केलं. खारट चहावर पेढा, ही जोडी साताऱ्यात कोणाला सांगू नका.

खाली येऊन पाय दुखत होते, तरी पुन्हा स्किन्स चढवल्या. गोंडोलाच्या रांगेतल्या एका पुणेकर काकूंनी विचारलं, "अहो, चालत कशाला? वर बघायला आहे तरी काय?"

"उतार," शिक्षिका म्हणाली.