नऊ साती त्रेसष्ट

नवाचा पाढा मला कधी पाठ झालाच नाही, कारण लिहायला तो फार सोपा. आधी वरून खाली शून्य ते नऊ, मग शेजारी खालून वर शून्य ते नऊ. झाला पाढा! बाईंच्या लक्षात येईपर्यंत वर्ष संपलं होतं. तोंडी विचारलं तर ‘नऊ साती’ला आजही मला घसा खाकरावा लागतो.

म्हणून बीजिंगच्या स्वर्गमंदिरात, तिआनतानमध्ये, मी जरा ओशाळलोच. फोटोत दिसते ती निळ्या कौलांची, तीन छपरांची गोल वास्तू आधी पाहिली. 38 मीटर उंच, लाकडी, खिळ्याशिवाय उभी. आत 28 खांब: मधले चार ऋतूंचे, बारा महिन्यांचे, बारा चिनी प्रहरांचे. मंदिर 1420 सालचं, पण 1889 मध्ये वीज पडून ही वास्तू जळाली. आपण बघतो ती त्यानंतर पुन्हा उभारलेली.

इथे पिकांसाठी प्रार्थना व्हायची. वर्षातली सगळ्यात मोठी पूजा मात्र दक्षिणेकडच्या गोल चौथऱ्यावर. त्याला छप्परच नाही. आकाशाचीच पूजा, मग छप्पर घालून देवालाच झाकायचं कशाला?

तीन थरांचा हा पांढरा चौथरा 1530 चा. अठराव्या शतकात छ्यानलुंग बादशहाने तो वाढवला. वरच्या थरावर मधोमध एक गोल दगड. त्याच्याभोवती पंख्याच्या आकाराच्या नऊ फरश्या, त्यांच्याभोवती अठरा, मग सत्तावीस, थेट एक्याऐंशीपर्यंत. अख्खा पाढा दगडात! खालच्या दोन थरांवर तो तसाच पुढे चालू, सत्ताविसाव्या वर्तुळात 243. पायऱ्यासुद्धा दर थराला नऊ. विषम आकडे आकाशाचे आणि एकअंकी विषम आकड्यांत नऊ सगळ्यात मोठा, एवढं साधं कारण. जुन्या चीनमध्ये पाढ्यांना नावच ‘नऊ-नऊ’ होतं, आणि म्हणायला सुरुवात ‘नऊ नवे एक्याऐंशी’पासून. आमच्या बाई तिथे असत्या तर माझं काही खरं नव्हतं.

डिसेंबरातल्या सगळ्यात मोठ्या रात्रीनंतर, उजाडायच्या आधी, बादशहा इथे यायचा. त्याआधी व्रत: दारू नाही, मांस नाही, गाणंबजावणं नाही. एरवी सगळं जग ज्याच्यापुढे लोटांगण घालायचं, तो त्या गारठ्यात दगडावर गुडघे टेकायचा.

त्याच दिवसापासून घराघरांतही मोजणी सुरू व्हायची, तीही नवाचीच. थंडीचे नऊ नवे एक्याऐंशी दिवस. कागदावर प्लमची फांदी काढायची, नऊ फुलं, प्रत्येकाला नऊ पाकळ्या. रोज एक पाकळी रंगवायची. सगळी फुलं रंगली की वसंत आला. मला ही युक्ती बादशहाच्या चौथऱ्यापेक्षा जास्त आवडली. बोटं गारठलेली असताना रोज एकच पाकळी, म्हणजे झेपेल असा गृहपाठ.

मधल्या दगडावर फोटोसाठी रांग होती. मी तो नाद सोडला आणि सातव्या वर्तुळावर जाऊन फरश्या मोजू लागलो. पुटपुटत, एकेक पाऊल टाकत. चव्वेचाळीसपर्यंत आलो तोच एका आजींनी खांद्याला हात लावला, आपला मोबाइल माझ्या हातात दिला आणि नातवाला जवळ ओढून उभ्या राहिल्या. फोटो काढला. त्यांना तो पसंत पडला नाही, म्हणून दुसरा काढला. वळून बघतो तर सगळ्या फरश्या सारख्याच. मी चव्वेचाळिसावी कुठे सोडली?

त्रेसष्टच असतील.