आमची वाटचाल : हौदा सडतो, इंजिन नाही

दर्यापूर तालुक्यात आमचं वेल्डिंगचं दुकान. वडील वखर-डवरे जोडायचे, बंडीला धाव चढवायचे. ट्रॅक्टर वाढले तसं ते काम आटलं आणि आम्ही ट्रॉल्या बांधू लागलो. पहिली घंटागाडी दुरुस्तीला आली ती उधारीवर. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, हौदा उचलूनच नाही राहिला."

हौदा म्हणजे मागची कचऱ्याची पेटी; ती उचलणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरचं सील गेलं होतं, संध्याकाळपर्यंत बदललं. खाली वाकून पाहिलं तर तळाच्या पत्र्यातून बोट आरपार गेलं. गाडी छोटा हत्ती, 702 सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. दारोदार थांबत चालल्यानं क्लच झिजलेला, पण इंजिन ठणठणीत.

ओल्या कचऱ्याचं आंबट पाणी पत्रा खातं, हे माहीत होतं. आमच्याकडे दुसरं दुखणंही आहे. हा खारपाण पट्टा, बोअरचं पाणी खारट. ड्रायव्हर बिचारा रोज मनापासून गाडी धुवायचा आणि पत्र्याला मीठ पाजायचा! आता आम्ही तळाला उतार देतो, कोपऱ्यात नळी सोडून खाली कॅन लावतो. शेवटच्या दोन बादल्या मात्र नळाच्या गोड्या पाण्याच्या, एवढं बजावतो.

2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा घ्यायला सांगितलं, पण जुन्या गाड्यांचा हौदा एकच. आम्ही मधे पडदी टाकली. पुठ्ठा नि बाटल्या वजनाला हलक्या पण जागा खातात, म्हणून सुक्याच्या बाजूला वर जाळी चढवली. जाळीचं दार पहिल्यांदा आमच्याच उंचीनं केलं. गाडीवरच्या मावशी म्हणाल्या, "तुमच्या घरच्या बाईले टाकून दाखवाले सांगा." दुसऱ्या दिवशी दार वीतभर खाली आणलं.

एका कार्यालयाकडे आमचं बिल अकरा महिने अडकलं. तेव्हा गॅस सिलिंडरही उसना आणला होता.

सरकारी मालकीच्या 15 वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून बंद झाली. आमच्या हातच्या दोन गाड्या त्यात गेल्या, चालू इंजिनानिशी. पोटात कालवलं. पण 15 वर्षं भरायच्या आधीच हौदा सडून उभी राहणारी गाडी मला जास्त खुपते. ती वाचवता येते.

सध्या दारात अशीच एक उभी आहे. हौदा उतरवलाय, पत्रा अकोल्याहून उद्या येईल.