उभी ट्रॉली, भरधाव वेग

अपघाताच्या फिर्यादीत आमच्याकडं एक वाक्य ठरलेलंच असतं: ‘ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणाने चालवून...’ मागच्या हंगामात ठाणे अंमलदारानं डोळे झाकून तेच टाकलं. ट्रॅक्टर मात्र उभा होता.

सोलापूर–धुळे महामार्ग, धाराशिवच्या पुढं. रात्री पावणेदोनला फोन आला. उसाच्या दोन ट्रॉल्या, मागचीचं टायर फुटलेलं, तिच्यात मोटारसायकल घुसलेली. पोरगं जागेवरच गेलं होतं. चहाच्या टपरीवरून दोन पंच विनवण्या करून आणले. व्हिडिओ काढायला पन्नास जण असतात; पंचनाम्यावर सही म्हटलं की सगळ्यांना दारं धरायला जायचं असतं.

टेप लावला. ट्रॉलीचं चाक पांढऱ्या पट्टीच्या आत, तीन फूट रस्त्यावर. टॉर्च मारत साठ पावलं मागं गेलो. टायर घासल्याची एक खूण नाही. नवशिके अशा वेळी ‘अतिवेग’ लिहून मोकळे होतात. मी म्हणतो, त्या पोराला ट्रॉली दिसलीच नाही. मागं लोंबणारा ऊस हातानं वर उचलला, तर खाली लाल रिफ्लेक्टर लखलखला. नोव्हेंबरात कारखान्याच्या गेटवर आम्हीच चिकटवलेला, फोटोसकट. पंचनाम्यात लिहिलं: ‘रिफ्लेक्टर आहे, उसाने झाकलेला आहे.’

ड्रायव्हर पळाला नव्हता. १०८ ला फोन त्यानंच केलेला. चाकांना दगड लावून, बाभळीचं एक फाटं टाकून बसलेला. मला म्हणाला, “साहेब, माझ्याच नावानं लिवा. मालकाला मधी घेऊ नगा, उचल हाय अंगावर.”

हयगयीनं मृत्यू घडवल्याला जुन्या दंड संहितेचं ३०४ अ होतं तेव्हा जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा. न्याय संहितेच्या १०६(१) ला आता पाचपर्यंत. “पाच बसतील ना त्याला?” हे विचारायला पोराचे वडील तीनदा ठाण्यात आले. त्यांचा राग खोटा नाही. फाटं शंभर पावलं मागं टाकायचं असतं, यानं चाकाला चिकटून टाकलं; ही त्याची चूक मी केस डायरीत लिहिली आहे. पण टनावर मजुरी मिळते म्हणून टोळी ऊस खाली लोंबेपर्यंत भरते, मालकाला खेप लवकर हवी असते आणि काट्यावर ते कुणाला दिसत नाही. मालकाला आरोपी करा म्हणालो. “कशाला वाढवता?” म्हणत साहेबांनी त्याला साक्षीदारांच्या यादीत बसवला.

फिर्याद काही खोडता येत नाही. दोषारोपपत्रात मी ‘उभे’ लिहिलं, फिर्यादीत ‘भरधाव’ आहे. बचावाच्या वकिलाला आणखी काय पाहिजे?

ट्रॅक्टर आठव्या दिवशी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करतो अशा लेखी हमीवर, सुटला. पुढच्याच आठवड्यात नाक्यावर तोच आला, ऊस तसाच लोंबत. खाली उतरवून कोयत्यानं मागचा ऊस तोडायला लावला. ड्रायव्हर नवा होता. कोयता ठेवून त्यानं खिशात हात घातला.

“साहेब, पावती कितीची?”