मॅडम बसल्या की गाडी बंद

परवा शटर वर करतोय तोवर टोचन करून एक पेट्रोल हॅचबॅक आली, सोबत नवरा-बायको, दोघंही पार वैतागलेले. गाडी चालू होते आणि दोन सेकंदात बंद पडते, आणि ते पण फक्त मॅडम बसल्या की, साहेब बसले की कधीच काही नाही. मॅडम नर्स आहेत, नाइट ड्युटी संपवून पहाटे पार्किंगमध्ये अडकल्या होत्या. आधीच्या गॅरेजवाल्याने बॅटरी नवी टाकली, फ्युएल पंप बदलला आणि वर सांगितलं की मॅडमला क्लच जमत नाही. ऐकून डोकंच सटकलं माझं.

अहो, मीटरवर चावीचं चिन्ह लुकलुकतंय, मग चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न ठेवणारा इमोबिलायझर सोडून पंपाच्या मागे कशाला लागायचं? चावीच्या मुठीत बारीक चिप असते, तिला सेल लागत नाही, सेल असतो तो लॉक-अनलॉकच्या बटणांसाठी. इग्निशन लॉकभोवती अँटेनाची रिंग असते, स्विच ऑन केला की ती १२५ किलोहर्ट्झवर चिपला जागं करते, कोड जुळला तर ठीक, नाहीतर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल सोडणारे इंजेक्टर बंद करतो.

स्कॅनर लावला तर चावी वाचता येत नाही असा एरर कोड. दुसरी चावी लावली, तीच रड. मग साहेबांना बसवलं, एका झटक्यात चालू! म्हटलं ताई, आता तुम्ही बसा, रोज करता तसंच करा, आणि मी दाराशी उभा राहून नुसता बघत राहिलो. त्यांनी सीट पुढे ओढली, खटका सोडून स्टिअरिंग खाली घेतलं, चावी फिरवली, बंद. मी स्टिअरिंग वर केलं, चालू. खाली, बंद.

कव्हर खोललं तर मागे कधीतरी सेंट्रल लॉक बसवताना कुणीतरी रिंगची वायर केबल टायने आवळून टाकलेली, स्टिअरिंग खाली गेलं की तिच्यावर ताण. वरून वायर धडधाकट, पण मल्टिमीटर लावून दोन बोटांत जरा वाकवली की वायर सलग असल्याची बीप गायब, आतली तांब्याची तार तुटलेली आणि नुसतं प्लॅस्टिक धरून होतं. तुकडा कापून नवा जोडला, सोल्डर मारलं, स्लीव्ह चढवली, टाय काढून वायरला ढील दिली.

स्टिअरिंग खाली ठेवून ताईंकडूनच दहा वेळा स्टार्ट करून घेतलं, दहाही वेळा चालू. "म्हणजे दादा, माझं काही चुकत नव्हतं ना?" म्हटलं अजिबात नाही. जुना पंप डिकीत होता, बॅटरीवर लावून बघितला, मस्त फिरतोय, साहेबांना म्हटलं टाकू नका.