पालखी नव्हती, तरी आईनं हात जोडले

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आमच्या कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. आमची अन्वी तेव्हा पाच वर्षांची. "जरा मोठी होऊ दे, मग नेऊ नाटकाला" असं म्हणत आम्ही दोन वर्षं काढली आणि तेवढ्यात रंगमंचच जळून गेला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर ते. तिचा भाऊ शंभू तिथं एक बालनाट्य तरी बघून आला होता, अन्वीच्या वाट्याला काहीच आलं नाही. त्या डिसेंबरात ताई आणि दाजींनी हैदराबादचा बेत काढला तेव्हा माझं पहिलं म्हणणं हेच होतं, की चारमिनार राहिलं तरी चालेल, पण रामोजी फिल्म सिटीत पूर्ण दिवस द्यायचा आणि तिथले सगळे शो बसून बघायचे. पोरीला कलाकार समोर काम करताना दिसू देत.

आईचा प्रश्न वेगळा होता. "थीम पार्क म्हंजे नक्की काय असतंय?"

"मामी, जत्राच. फक्त तिकीट आधी काढायचं," दाजी म्हणाले.

आईला हे पटलं. तिकिटाचा आकडा मात्र तिला आम्ही शेवटपर्यंत सांगितला नाही.

रात्रीच्या स्लीपर बसनं निघालो. सोलापूर कधी मागं पडलं कळलं नाही. सकाळी हैदराबादला उतरून आंघोळी उरकल्या आणि विजयवाडा रस्त्याला लागलो. फिल्म सिटी शहराबाहेर अब्दुल्लापूरमेटच्या बाजूला आहे. १९९६ साली सुरू झाली, पसारा १६६६ एकरांचा, आणि जगातलं सगळ्यात मोठं स्टुडिओ संकुल म्हणून गिनीज बुकात नोंद. हे वाचल्यावर दाजींनी बसमध्येच हिशोब मांडला. "एकरी चाळीस टन धर. साडेसहासष्ट हजार टन ऊस निघाला असता भावा." हातकणंगल्याच्या माणसाला जमिनीचा कुठलाही आकडा सांगा, तो त्यात आधी ऊस लावून बघतो.

आईकडं या सहलीची एक वेगळी किल्ली होती, ती मला तिथं पोचेपर्यंत लक्षात आली नाही. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, सुतारकाम करायचे. जयप्रभा स्टुडिओत आणि गरज पडेल तसं इतरत्र ते सेटची कामं करायचे. लग्नानंतरची काही वर्षं आई दुपारचा डबा घेऊन तिथं जायची, त्यामुळं तिनं सिनेमे पडद्यावर जितके बघितले त्यापेक्षा जास्त मागच्या बाजूनं बघितले आहेत. कोल्हापुरात असे लोक अजून भेटतात. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला, प्रभात कंपनी १९२९ साली इथंच सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाला आम्ही रोज स्कूटरवरून वळसा घालतो, पण पोरांना त्याचा अर्थ कधी नीट सांगितला नव्हता.

आत गेल्यावर लाल रंगाच्या, बाजूंनी उघड्या बस मिळतात. त्यातून सेट बघत फिरायचं. राजवाडे, बागा, परदेशी गल्ल्या, रेल्वे स्टेशन. एका बाजूनं विमानतळ दिसणारी इमारत वळसा घातला की दुसरंच काहीतरी होते. गाईड हिंदीत विनोद करत होता, लोक फोटो काढत होते. आई मात्र प्रत्येक इमारतीच्या कडेला वाकून मागं बघायची. "हे बघ, इथं संपली भिंत. अण्णा पण असंच करायचे. दिसतंय तेवढंच रंगवायचं." शंभूला हा खेळ फार आवडला. त्यानंतर दोघं आजी-नातू खांबांवर टकटक करून कोणता पोकळ आणि कोणता खरा ते ओळखत सुटले. या भागाबद्दल मी याहून जास्त लिहीत नाही. सेटचे फोटो सगळ्यांनी बघितलेले असतात.

आमचा दिवस खरा सुरू झाला तो 'ॲक्शन' नावाच्या कार्यक्रमात. सिनेमा कसा बनतो हे ते प्रेक्षकांतल्याच लोकांना मंचावर बोलावून दाखवतात. टांगा हाकणाऱ्या बाईच्या कामासाठी कोण येणार म्हणून विचारलं आणि आमच्या ताईनं हात वर केला. पस्तीस वर्षांत तिनं वर्गातसुद्धा कधी हात वर केलेला मला आठवत नाही. तिला टांग्यावर बसवलं. टांगा जागच्या जागीच, मदतनीस तो गदागदा हलवतात आणि ताईनं लगाम धरून घोडा पळतोय असं दाखवायचं. समोर घोडा नाहीच. सूत्रधारानं घोडीला काहीतरी बोला म्हणून खूण केली, तर ताई माईकवर ओरडली, "ए पळ की गं, गुंड आल्यात मागं!" निम्म्या प्रेक्षकांना मराठी येत नव्हतं, तरी ते हसले. मराठी येणारे उरलेले तर खुर्चीतून पडायचे बाकी होते.

मग दुसऱ्या टप्प्यात आवाज भरायचे. आणखी काही लोकांना बोलावून त्यांच्या हाती आवाज काढायची अवजारं दिली. आई माझ्या कानाशी म्हणाली, "टापांना करवंट्या. नारळाच्या. अण्णा घासून द्यायचे, कडा नीट नसल्या की आवाज फुटतोय." शेवटी सगळं जोडून पडद्यावर दाखवलं तेव्हा ताई खरोखरच धुळीच्या रस्त्यावरून जीव घेऊन पळत होती. दाजींनी तो व्हिडिओ घरी पोचेपर्यंत एकोणीस जणांना पाठवला होता. मी मोजले.

वाइल्ड वेस्ट स्टंट शो उघड्यावर असतो. लाकडी घरं, टोप्या घातलेले गुंड, गोळीबार, धूर, छतावरून पडणारी माणसं. शंभू गेलं वर्षभर तालमीत मर्दानी खेळ शिकतोय, लाठी चांगली फिरवतो, दांडपट्टा अजून हातात दिलेला नाही. त्यामुळं तो परीक्षकासारखा बसला होता. पाच मिनिटांतच निकाल दिला, "बाबा, ठोसा लागतच नाही. हात कानाजवळनं जातोय आणि आवाज तो दुसराच काढतोय." बरोबर होतं. पण मी त्याला म्हटलं, की तुमच्या वस्तादांना विचार, तळहातावरचं लिंबू पट्ट्यानं कापताना हाताला न लागणं जास्त अवघड की लागणं? खोटा मार खरा वाटायला दोघांचा श्वास एका तालात लागतो. एक क्षण चुकला तर पडणारा गादीच्या बाहेर. नंतर एक गडी वरच्या मजल्यावरून उलटा पडला तेव्हा शंभूनं टाळी वाजवली, आणि ती मनापासून होती.

दुपारचं जेवण. तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या माणसानं आंध्राच्या लोणच्याला हलक्यात घेऊ नये. यापेक्षा जास्त बोलणं मला शोभणार नाही.

जेवणानंतर काळ्या पडद्यापुढचा शो बघितला. अंधारात फक्त चमकणारे मासे, पक्षी, बाहुल्या हवेत तरंगतात. अतिनील प्रकाश सोडलेला असतो, त्यात विशिष्ट रंगच उजळतात आणि काळे कपडे घातलेले कलाकार काळ्या पडद्यात मिसळून जातात. अन्वी तोंड उघडं टाकून बघत होती. मी तिच्याकडंच बघत होतो, कारण यासाठीच तर एवढा खर्च केला होता. तेवढ्यात आजीचा आवाज आला, "तो बघ काळ्या कपड्यातला माणूस. डावीकडं. हातात काठी हाय." मला आईचा भयंकर राग आला. जादू घालवलीच की! पण अन्वी पुढं सरकून बसली. आता तिला माशांपेक्षा माणूस शोधण्यात मजा येत होती. "सापडला! अजून एक!" पुढच्या रांगेतल्या बाईंनी दोनदा मागं वळून बघितलं. त्यांची मी इथं माफी मागतो.

'स्पिरिट ऑफ रामोजी' हा नाच आणि कसरतींचा मोठा कार्यक्रम. दिवे, कपडे, शिस्त, सगळं डोळे दिपवणारं. तरी मला तो इतर शोंइतका भिडला नाही. फार घोटून घेतल्यासारखा वाटला. बायकोचं मत बरोबर उलटं आहे. तिच्या मते दिवसभरातली खरी कला तीच, बाकी सगळा पोरखेळ. हा वाद अजून मिटलेला नाही.

आता संध्याकाळ. डिसेंबरात तिथं विंटर फेस्ट असतो, त्यात अंधार पडला की रोषणाई होते आणि कार्निव्हल परेड निघते. दिवसभर चालून माझ्या टाचा सोलल्या होत्या. नवे बूट घालून जाऊ नका, हे कोणी मला सांगितलं नव्हतं. खरं तर बायकोनं सांगितलं होतं. अन्वीला खांद्यावर घेऊन कडेला उभा राहिलो. दोन्ही बाजूंना गर्दी, मधली वाट मोकळी.

मिरवणुकीच्या बाबतीत कोल्हापूरकराला कोणी काही शिकवू नये, अशी माझी समजूत. अष्टमीच्या रात्री अंबाबाईची नगरप्रदक्षिणा, दसऱ्याला दसरा चौकातलं सीमोल्लंघन, चैत्रात जोतिबाच्या सासनकाठ्या. विसर्जनाच्या मिरवणुकीत महाद्वार रोडला मी स्वतः कितीतरी वर्षं हलगी वाजवली आहे. आमच्याकडं मिरवणूक पुढं सरकतच नाही. एका चौकात हलगी, घुमकं, कैताळ जमलं की तासभर तिथंच. इथं मात्र सगळं घड्याळावर. पहिली सजवलेली गाडी आली, तिच्यामागं नाचणारी पोरं, विदूषक, चेंडू उडवणारे, रंगीत पिसांचे मुकुट घातलेल्या मुली, पुन्हा गाडी. कोणी थांबत नाही. मी मनात म्हणत होतो, एवढी घाई कशाला? जरा चौकात थांबा की! पायांनी मात्र माझं ऐकलं नाही, सोललेल्या टाचांसकट ते ठेका धरायला लागले होते.

मग एक उंच गाडी आली. दिव्यांनी मढवलेली, वर चमचमत्या कपड्यातली एक मुलगी उभी. कुठली देवी नाही, राणी असावी किंवा परी. ती आमच्यासमोर आली आणि आईनं पदर सावरून हात जोडले. अगदी सहज. सजवलेल्या वाहनावरून काही पुढं चाललं की हात जोडायचे, सत्तर वर्षांची सवय. खांद्यावरच्या अन्वीनं आजीकडं बघितलं आणि तिनंही हात जोडले.

वरच्या मुलीला हे दिसलं. दिवसभर, कदाचित महिनाभर, ती लोकांकडं बघून हात हलवत असेल, चुंबनं फेकत असेल, समोरून मोबाइल बघत असेल. तिचा हलणारा हात मध्येच थांबला. एक क्षण तिला काय करावं सुचलं नाही. मग ती खाली वाकली आणि तिनं आईला नमस्कार केला. गाडी चालूच होती, त्यामुळं तोपर्यंत ती आमच्यापासून चार पावलं पुढं गेली होती आणि तिला मान मागं वळवावी लागली. दाजी त्या वेळी मोबाइलमध्ये साठवण भरली म्हणून जुने व्हिडिओ पुसत होते. त्यामुळं याचा पुरावा नाही.

"मामी, ती देवी नव्हती," दाजी नंतर म्हणाले.

"मला कळतंय की. एवढा जड मुकुट घालून उभी हाय पोरगी. कुणीतरी करायला पायजे नमस्कार."

सगळ्यात शेवटी उंच काठ्यांवर चालणारे आले. लांबलचक विजारी, डोकी दिव्यांच्या माळांना लागतील एवढी उंच. शंभूला एकदम सासनकाठी आठवली. फरक एवढाच, की तिथं माणूस खाली आणि काठी वर, तोल सांभाळायला चारी बाजूंनी दोर धरणारे लोक आणि 'चांगभलं'चा गजर. इथं माणूस वर, आणि दोर धरायला कोणी नाही.

वीसेक मिनिटांत सगळं संपलं. गर्दी बसकडं पळाली. आम्ही आईच्या गुडघ्यांच्या वेगानं निघालो, तर वाटेत कडेच्या उंच कठड्यावर त्या काठीवाल्यांपैकी एकजण बसलेला. विजार गुंडाळून पट्टे सोडत होता. विशी-बाविशीचा असेल. आई थांबली. मी म्हटलं चल, बस जाईल. ती ऐकणार होती थोडीच.

"पाय दुखत नही क्या?" तिनं विचारलं.

"आदत है, माँजी," तो हसला.

आई वाकून काठीचा जोड बघायला लागली. पट्टा कुठं बांधलाय, पाय ठेवायची फळी कशी बसवली आहे, खिळा की स्क्रू. शेवटी बोट लावून म्हणाली, "लकडी कौनसी है?"

"लकडी नहीं माँजी, ॲल्युमिनियम है."

आईनं मान डोलावली आणि माझ्याकडं वळून मराठीत म्हणाली, "तरीच. मगाशी चालत होता तवा जरा पण कुरकुरलं न्हाई. म्हटलं, एवढा चांगला सुतार कोण घावला यांना?"